मागचा भात

१

माझं काम गप्पा मारण्याचं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत सगळ्यांना सांगत, "आमच्या सुमतीला गप्पा मारायचा पगार मिळतो." यात खोटं काही नव्हतं. परळच्या इस्पितळात डॉक्टर खरास फिटच्या रोग्यांचा मेंदू उघडत, तेव्हा रोगी चांगला जागा असे. कवटीवरची कातडी तेवढी बधिर करायची; मेंदूला स्वतःला दुखत नाही. डोक्यावरून चादरींचा तंबू उभारलेला असे. तंबूच्या मागे डॉक्टर, आणि आत रोग्याच्या तोंडासमोर स्टुलावर मी.

डॉक्टर विजेची बारीक तार मेंदूवर एकेका जागी टेकवत. कुठे टेकवली की अंगठा उडे, कुठे जीभ अडके, कुठे गालाला मुंग्या येत. त्या त्या जागी आकडा लिहिलेली कागदाची टिकली ठेवायची. असा नकाशा तयार झाला की कुठे कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते ठरे. ज्या जागी तार टेकल्यावर रोगी म्हणे, "मला फिट येताना अस्संच होतं," ती जागा दुखण्याची. ती काढून टाकायची.

तार टेकली की डॉक्टर माझ्या स्टुलाला पायानं हळूच धक्का देत. कधी कधी ते वीज बंद ठेवून नुसतीच तार टेकवत आणि तरीही धक्का देत. रोगी मनाचं सांगतो की काय, ते कळावं म्हणून. वीज चालू होती की बंद, ते मलाही ठाऊक नसे. मी चित्रांचे पत्ते दाखवायचे, छत्री, विळी, घोडा, पाट, आणि रोगी नावं सांगायचा. डॉक्टर कॅनडात शिकून आलेले, मराठी त्यांची कामापुरती. त्यामुळे रोगी काय म्हणाला ते मी त्यांना इंग्रजीतून सांगायचे. मला नसत्या चौकशांची हौस लहानपणापासून, तेव्हा हे काम मला फार आवडे.

शिवडीच्या कोळीवाड्यातला धर्मा टेबलावर होता, त्या सकाळी बाहेर मोर्चा चालला होता. होडीवर फिट आली असताना दोरात सापडून त्याची डावी करंगळी अर्धी तुटली होती. "ओरडतान," तो मध्येच म्हणाला.

"काय ऐकला तो?" मागून डॉक्टरांनी उत्साहानं विचारलं.

"डॉक्टर, संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. आपल्या सगळ्यांनाच ऐकू येतंय."

शेवटी कुणीतरी खिडक्या लावून घेतल्या. मी घोड्याचा पत्ता पुढे केला आणि स्टूल हललं. धर्मा घोड्याकडे बघता बघता गप्प झाला. त्याचा जबडा सावकाश हलू लागला.

"भाताचा वास येतंय," तो म्हणाला. "तूप घातल्याचा."

"कुठे आहेस तू?"

"पडवी हाय. लांब पडवी. पाट मांडलेत, पानं वाढलेत. कोन बसला नाय."

"तिथे कुणीच नाही?"

"वाढणारे हायत. त्यांचं पायच दिसतान." मग तो जरा लाजून हसला. "मना बस बोलतान."

स्टूल पुन्हा हललं आणि ते सगळं गेलं. फिट येताना असंच होतं का, विचारलं. तो हो म्हणाला. मी डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी ती जागा काढली.

२

काही आठवड्यांनी धर्माची आई, पुतळाबाई, पापलेटं घेऊन इस्पितळात आली. डॉक्टर पारशी असल्यामुळे पापलेटांचं चीज झालं. फिट पुन्हा एकदाही आली नव्हती. धर्मा होडीवर जायला लागला होता.

"सगला बरा हाय बाय," ती मला बाजूला घेऊन म्हणाली. "पन जेवाला बसला की हात ताटाशी न्हेतो नि थांबतो."

"कशासाठी थांबतो?"

"मी तेच इचारते. तर बोलतो, सगल्यांना बसं दे. घरान मी नि तो, दोगंच! सगले कोन?"

तिनं शपथा घातल्या की बराच वेळ थांबून तो चार घास खाई. पण जेवल्यासारखं वाटत नाही म्हणे. हाडं दिसायला लागली होती.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते पापलेटांवरचा कागद बाजूला करून बघत होते. "हॅबिट," ते म्हणाले. "जाईल." मलाही तसंच वाटलं. पंगतीत पहिला घास कुणी एकट्यानं घेत नाही, सगळे बसल्यावरच सुरुवात करतात. ही रीत त्याच्या डोक्यात कुठेतरी अडकून बसली असेल, असं मी स्वतःला समजावलं. ते मला पटलंही.

३

मी एवढी चौकशी का करत होते, ते सांगते. माझी धाकटी बहीण शकू हिला लहानपणापासून फिट येत. बोलता बोलता ती थांबे, नजर कुठेतरी लागे आणि तोंडात काही नसताना जबडा चावल्यासारखा हले. दोन-तीन आवंढे गिळले की ती कोसळे. एकदा ती शेगडीवर पडली. तेव्हापासून तिच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत आवळलेली होती. अण्णा तिला शेगडीजवळ जाऊ देत नसत, एकटीला जिनाही उतरू देत नसत.

ती मॅट्रिक चांगल्या गुणांनी झाली होती, पण शाळा नोकरी देईना. तिचं मागणं अगदी साधं होतं. "ताई, मला एकटीला ट्रॅममध्ये बसायचंय. मागे कोणी नको. दादरला उतरायचं, थोडं हिंडायचं आणि परत यायचं."

ट्रॅम घराजवळूनच जायची, आणि खिडकीत बसून ती रोज ट्रॅम बघायची. मला ते बघवत नसे. शकूची फिटपासून सुटका व्हावी, यापलीकडे मला त्या काळात दुसरं काही नको होतं. मी डॉक्टरांकडे तिचं नाव घातलं होतं. अण्णा मात्र ऐकत नव्हते. "पोरीचं डोकं फोडू देणार नाही," एवढंच म्हणत आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरत.

४

नंतर टेबलावर आले वीरेंद्र कोठारे, रेल्वेच्या कचेरीतले कारकून. धर्मा घरी गेल्यावर कितीतरी दिवसांनी ते इस्पितळात दाखल झाले होते. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. चष्मा काढून घेतल्यामुळे पत्ते त्यांना अगदी नाकाशी धरून दाखवावे लागत.

"विळी," ते म्हणाले. "घोडा." स्टूल हललं. त्यांचा जबडा हलू लागला, तेव्हा मी पत्ता खाली घेतला.

"काय झालं?"

"कुणाकडे तरी कार्य दिसतंय, सुमतीबाई. लांबलचक पडवी आहे. पानं वाढलीयत, पण बसलेला एकच माणूस आहे."

"कोण आहे?"

"कोळी असावा. पानाजवळ हात नेऊन नुसता बसलाय बिचारा." त्यांनी डोळे बारीक केले. "डावी करंगळी अर्धीच आहे हो त्याची."

मी पत्ते बाजूला ठेवले. त्या वेळी मला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. मला पुढचं ऐकायचं होतं. "अगेन," मी चादरीआडून म्हटलं, "त्याच जागी."

स्टूल हललं. कोठारे डोळे मिचकावत म्हणाले, "आता काही नाही. तुम्हीच दिसताय." वीज बंद होती. पुन्हा हललं.

"हं. तो जरा सरकला. मला जागा करून देतोय. वाढप्यांचे पाय ओले आहेत, बघा. नुकतेच विहिरीवरून आल्यासारखे." मग मोठ्या समाधानानं, "बसा म्हणताहेत." फिट येताना असंच होतं, असं तेही म्हणाले आणि डॉक्टरांनी ती जागा काढली.

दुपारी मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन बसले आणि उठायलाच तयार होईना. ते हसले. म्हणाले, या जातीच्या फिटमध्ये जबडा हलतोच, पुस्तकात लिहिलंय. जबडा हलला की मेंदू जेवणाचं स्वप्न रचतो. "आणि तुझ्या पत्त्यामध्ये पाट आहे. तूच दाखवते."

"आणि करंगळी?"

"तू बोलली असशील. तू खूप बोलते, सुमती."

यावर मला शपथेवर नाही म्हणता येईना. कोठाऱ्यांचं मन रमवायला आदल्या दिवशी मी तासभर बडबडले होते. त्यात धर्माचा विषय निघाला नसेलच, असं कोणी सांगावं?

५

म्हणून मी शिवडीला गेले. दुपारची जेवायची वेळ होती. पुतळाबाईनं धर्माला ताट वाढलं आणि मी समोर बसून निर्लज्जपणे बघत राहिले. त्यानं हात ताटाजवळ नेला आणि थांबला. ताटावरून त्याची नजर डावीकडे वळली. तिथे सुकत घातलेल्या जाळ्याखेरीज काही नव्हतं.

"शेजारी कोण आहे, धर्मा?"

"चष्मेवाला आलाय," तो सहज म्हणाला. "चष्मा इसरलाय कुठं. पान चाचपून बघतो."

कोठाऱ्यांबद्दल धर्माशी मी एक शब्दही बोलले नव्हते. त्यानं इस्पितळ सोडल्यानंतर मी त्याला आजच भेटत होते. मी शब्द जुळवून विचारलं, "आता कोणाची वाट बघताय?"

"एक पाट मोकला हाय अजून."

"आणि तो भरला की?"

"मंग जेवू!" त्याचा चेहरा एकदम खुलला. पुतळाबाईनं पदर तोंडाला लावला.

परतताना रे रोडच्या लाकडांच्या वखारींजवळून चालत होते, तोपर्यंत मला फक्त नवलच वाटत होतं. कुठली पडवी असेल ती, कोणाचं कार्य असेल, वाढप्यांचे चेहरे का दिसत नसतील? मग शकूचा हलणारा जबडा आठवला. मोकळा पाट कुणासाठी आहे, ते मला भर रस्त्यात लख्ख कळलं. डॉक्टरांकडून शकूचं नाव काढून घ्यायचं ठरवूनच मी घरी पोचले.

घरात शकू जमिनीवर होती. फिट संपायची, की लगेच दुसरी यायची. अण्णांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते स्वतःच लहान मुलासारखे रडत होते. डॉक्टर खरासनी आधीच बजावलं होतं की एक दिवस अशी येईल आणि थांबणारच नाही. ती थांबली, पण शकू शुद्धीवर यायला फार वेळ लागला. "ने तिला," अण्णा म्हणाले. "काय करायचं ते करा, पण ने."

दोन दिवसांनी मी शकूला सगळं सांगितलं. धर्माचं, कोठाऱ्यांचं, मोकळ्या पाटाचंही. लपवणं मला जमणारं नव्हतं, आणि डोकं तिचं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मला शेवटचं पंगतीला कुणी बोलावलं होतं, आठवतं?"

मला आठवेना. शकूला पंगतीत फिट आली तर काय, म्हणून लग्नामुंजीला बोलावणारे अण्णांना आणि मलाच बोलावून जात.

"मग कुणीतरी पाट मांडून ठेवलाय तर बरंच आहे की," ती म्हणाली, आणि केस कधी कापणार ते विचारू लागली.

६

पाटाचा पत्ता मी घरीच ठेवून गेले. विळीचाही काढला. छत्री, घोडा, चेंडू, बस्स.

तंबूत शकूचा चेहरा अगदी जवळ होता. केस काढल्यामुळे ती शाळेत जायच्या वयाची वाटत होती. अंगठा उडाला, ओठ मुरडला, एकदा बोलणं अडकलं. टिकल्या लागत गेल्या. मग स्टूल हललं आणि तिचा जबडा सावकाश चावू लागला.

"अगं, मांडव नाहीये," ती म्हणाली. "पडवीच आहे."

मी हातातला पत्ता खाली ठेवला.

"दोघं आहेत. माझ्याकडे बघून हसले. शेजारचा पाट मोकळा आहे, रांगोळीसुद्धा काढलीय त्याच्याभोवती." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती छान वाढलंय गं सगळं. ताई, बसू का?"

आमच्या घरात मोठ्यांना विचारल्याशिवाय पानावर बसायची पद्धत नव्हती. एवढ्यासाठीच ती विचारत होती. मी काहीही म्हटलं असतं तरी तिनं ऐकलं असतं.

"काय बोलते ती?" डॉक्टरांनी मागून विचारलं. "सुमती? सेम ॲज हर फिट्स?"

तिला काही वाटत नाही, असं मी सांगितलं असतं, तर त्यांनी ती जागा सोडून दिली असती. मग पुढची फिट, त्याच्या पुढची, आणि त्यातली एखादी न थांबणारी. मी शकूचा आवळलेला हात हातात घेतला.

"बस," मी तिला म्हटलं. आणि डॉक्टरांना इंग्रजीतून म्हटलं, "होय. तिची फिट इथूनच सुरू होते."

७

शकू घरी आली आणि पहिल्या दिवशी पानावर बसली, तेव्हा मी समोरून बघत होते. तिनं हात पानाजवळ नेला आणि सरळ वरणभात कालवून जेवायला लागली. थांबली नाही. मी आत जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

त्याच आठवड्यात पुतळाबाई धावत आली. धर्मा पोटभर जेवायला लागला होता, मागून घेत होता. कोठारेही घरी पानावर तसेच थांबत असत; त्यांच्या घरूनही तसाच निरोप आला. डॉक्टर म्हणाले, "बोललो होतो, हॅबिट."

डोक्याला रुमाल बांधून शकू एकटी जिना उतरली, एकटी ट्रॅममध्ये बसली आणि दादरला जाऊन आली. येताना माझ्यासाठी गजरा घेऊन आली. इतकी खुशीत मी तिला कधी बघितली नव्हती. एका शाळेनं तिला भेटायला बोलावलं. फिट तर नावालाही उरली नव्हती.

माझी चौकशीची खोड मात्र गेली नव्हती. एकदा दुपारी जेवताना मी विचारलंच, "तिथलं जेवण कसं आहे गं?"

"वरणभात झाला," ती म्हणाली. "आता पुऱ्या येताहेत." आम्ही दोघी हसलो. मग तो आमचा खेळच झाला. काही दिवसांनी बटाट्याची भाजी आली, अळू आलं. मसालेभात आला तेव्हा कोठारे फार खूश होते म्हणे. जिलबी फिरली, आग्रह झाला. धर्मानं सगळ्यात जास्त खाल्ल्या. मला या बातम्यांची गोडी लागली होती. शकू बरी होती, तेव्हा घाबरायचं कशाला?

काल दुपारी मी तिला भात वाढत होते. अण्णा आतल्या खोलीत होते. शकू म्हणाली, "ताई, आज मागचा भात आला. ताक वाढताहेत."

पंगतीत मागचा भात आला की वाढण्यासारखं काही उरत नाही. लोक ताकभात जेवतात आणि उठतात.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? उठायचं."

"उठून कुठे जायचं?"

"हात धुवायला. पडवीच्या टोकाला दार आहे ना, तिकडे." हे ती अगदी सहज म्हणाली, एखाद्या ओळखीच्या घराबद्दल सांगावं तसं. "पुढे काय आहे ते इथून दिसत नाही."

मी तिच्यासमोर बसले. पंगतीतून एकट्यानं उठत नाहीत, सगळे एकदम उठतात. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत बाकीच्यांना हात वाळवत बसावं लागतं. ते पाळणारी माणसं असली तर.

"शकू, सावकाश जेव," मी म्हटलं. "अगदी सावकाश. तुझं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

ती हसली. "वाढणारेही तेच म्हणतात. सावकाश होऊ द्या."

"आणि ते दोघं?"

"त्यांचं आटोपलं. माझ्यासाठी थांबलेत बिचारे." तिनं पानावर आडवा हात धरला. "पुरे गं."

मी तिच्या बोटांवरच भात वाढला. तिनं हसत हात काढून घेतला. मग तिची नजर जमिनीवरून वर चढू लागली. आधी माझ्या गुडघ्यांवर आली, मग माझ्या खांद्यावरून आणखी वर गेली, समोर वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तशी. ओळख पटल्यावर चेहरा फुलतो तसा तिचा चेहरा फुलला.

"अगंबाई," ती म्हणाली, "हे तर..."

"बघू नकोस! जेव."

तिनं मुकाट्यानं घास घेतला. तो गिळायच्या आत मी आणखी भात वाढला, त्यावर ताक ओतलं, पुन्हा भात वाढला. ती जेवते आहे तोवर ती माझ्यासमोर आहे, एवढंच मला कळत होतं. डाव पातेल्याच्या तळाला खरखरला.

"अण्णा!" मी ओरडले. "भात टाका. पुष्कळ टाका."